पेपरपासून फाइलपर्यंत: धोरणाच्या कामात उतरू पाहणाऱ्या नव्या संशोधकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएचडी करणारे, नुकतीच पदवी हातात पडलेले, दुसऱ्या-तिसऱ्या पोस्टडॉकवर (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदावर) असलेले असे बरेच जण हे प्रश्न विचारतात. यातले निम्मे मीही कधीतरी विचारले होते. उत्तरं माझ्या अनुभवातून आणि जगात घडून गेलेल्या काही ठळक प्रसंगांतून आली आहेत, त्यामुळे ती सगळ्या क्षेत्रांना सारखी लागू पडतीलच असं नाही.

माझी पीएचडी अजून संपलेली नाही. निर्णय घेणारे माझं कशाला ऐकतील?

तुमच्या नावावर कुणी ऐकणार नाही, हे खरंच आहे. पण तुमच्याकडे एक गोष्ट असते, जी तुमच्या गाइडकडे बहुधा उरलेली नसते. कच्चा डेटा तुमच्या हाताखालून गेलेला असतो. कुठल्या रकान्यात काय आहे, कुठलं यंत्र कुठल्या आठवड्यात बिघडलं होतं, कुठले आकडे गाळले आणि का, हे तुम्हाला तोंडपाठ असतं.

याचं माझं आवडतं उदाहरण थॉमस हर्नडन यांचं. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक पेपर आला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ बसते, असा त्याचा सूर होता. युरोप-अमेरिकेत खर्चकपातीच्या बाजूने बोलणाऱ्या राजकारण्यांनी तो आकडा उचलून धरला. हर्नडन तेव्हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट इथल्या विभागात पीएचडी करत होते. वर्गात गृहपाठ मिळाला होता: एखादा छापून आलेला पेपर घ्या आणि त्याचे आकडे पुन्हा काढून दाखवा. त्यांनी हा पेपर घेतला, पण आकडे काही जुळेनात. शेवटी मूळ लेखकांकडेच एक्सेलची शीट मागितली आणि त्यांनी ती दिलीही. सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ या ओळी यायला हव्या होत्या. सूत्र ४४ व्या ओळीवरच थांबलं होतं आणि पाच देश बाहेर राहिले होते.

गोष्ट सांगताना लोक इथेच थांबतात, पण एक्सेलची चूक एकूण फरकाचा लहानसा भाग होती. मोठा फरक पडला तो काही देशांची काही वर्षं वगळल्यामुळे आणि सरासरी काढताना देशांना वजन देण्याच्या पद्धतीमुळे. हर्नडन यांनी मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन या प्राध्यापकांबरोबर एप्रिल २०१३ मध्ये सगळं मांडलं. जास्त कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ मूळ पेपरात उणे ०.१ टक्का होती, ती यांच्या हिशोबात २.२ टक्के निघाली. मूळ लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, बाकीच्या मुद्द्यांवर वाद घातला. पण ९० टक्क्यांचा तो आकडा पूर्वीसारखा बिनधास्त वापरणं त्यानंतर अवघड झालं.

हे केलं कुणी, तर गृहपाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने. पदाने मोठा माणूस ओळी मोजत बसत नाही. त्याला तेवढा वेळ नसतो.

धोरणावर परिणाम म्हणजे कायदा बदलणंच का?

नाही. कायद्याकडे डोळे लावून बसलात तर कंटाळाल. बहुतेक परिणाम फार बारीक जागी होतात: मानकातला एखादा आकडा, मोजणीची पद्धत, निविदेतली अट, तपासणी किती दिवसांनी करायची हे ठरवणारं परिपत्रक.

मला आजवर सर्वांत जास्त समाधान दिलंय ते एका फॉर्ममधल्या रकान्याने. आधी तिथे ‘नमुना घेतला: होय / नाही’ एवढंच होतं. आता नमुना घेतल्याची वेळ लिहावी लागते. त्यामुळे नमुने पहाटे घेतलेत की भर दुपारी, हे पहिल्यांदाच कळायला लागलं. त्या रकान्यासाठी सात बैठका झाल्या. त्यावर पेपर काही निघाला नाही.

माझा पेपर चांगल्या जर्नलमध्ये आलाय. तेवढं पुरेसं नाही का?

ओझोनची गोष्ट सगळ्यांना अर्धवट माहीत असते. ती जरा सावकाश पाहू.

मारिओ मोलिना १९७३ मध्ये पोस्टडॉक म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या विभागात शेरवूड रोलंड यांच्याकडे आले. स्प्रेच्या डब्यांत आणि फ्रिजमध्ये वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू हवेत सोडल्यावर शेवटी जातात कुठे, हा त्यांचा प्रश्न. हे वायू इतके स्थिर की खालच्या वातावरणात त्यांचं काहीच होत नाही. वर स्थितांबरात पोचल्यावर अतिनील किरणांनी ते फुटतात, क्लोरीन सुटतो, आणि क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडत जातो. जून १९७४ मध्ये पेपर ‘नेचर’मध्ये आला. मोलिना तेव्हा ३१ वर्षांचे होते. जर्नल ‘नेचर’ असूनही त्याकडे सुरुवातीला फारसं कुणी पाहिलं नाही. सप्टेंबरमध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात दोघांनी पत्रकारांसमोर सगळं मांडलं, तेव्हा कुठे गलका झाला. त्यानंतर संसदीय समित्यांपुढे साक्षी, उद्योगांशी वादावादी, आणि ‘संगणकावरचा अंदाज आहे, पुरावा कुठाय’ ही टीका वर्षानुवर्षं.

१९७८ मध्ये अमेरिकेने स्प्रेमधल्या बहुतेक वापरावर बंदी आणली. मग बराच काळ सामसूम. १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन दर वसंतात भयंकर घटत असल्याची मोजमापं छापली. शँकलिन त्या तिघांत सर्वांत तरुण. साचून राहिलेल्या जुन्या नोंदी संगणकावर चढवण्याचं किचकट काम त्यांच्याकडे होतं. पुन्हा तेच, डेटा ज्याच्या हातात तो. पुढच्या वर्षी त्याचं कारण शोधायला अमेरिकेची मोहीम अंटार्क्टिकाला गेली. तिचं नेतृत्व सुझन सोलोमन यांनी केलं, वय ३०. सप्टेंबर १९८७ मध्ये या वायूंवर निर्बंध घालणाऱ्या मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या.

म्हणजे पेपर ते करार १३ वर्षं. पेपर नसता तर काहीच झालं नसतं. पण नुसता पेपर असता तरीही त्या १३ वर्षांत काही झालं नसतं. मधली साक्ष, मोजमाप, त्याच त्या प्रश्नांची पुन्हा पुन्हा उत्तरं, हे सगळं कुणीतरी करावं लागतं.

या करारातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. १९९० पासून दर चार वर्षांनी तरी उपलब्ध शास्त्रीय माहितीच्या आधारे निर्बंधांचा फेरआढावा घ्यायचा, असं करारातच लिहिलेलं आहे. विज्ञानाला दरवेळी दार ठोठावावं लागू नये म्हणून दारच उघडं ठेवलंय. तुम्हाला कधी मसुद्यावर मत द्यायची वेळ आली आणि दुसरं काही सुचलं नाही, तर ‘आढावा कधी घेणार’ एवढं तरी विचाराच.

ओळखपाळख काहीच नाही. सुरुवात कुठून करू?

जिथे ओळख लागत नाही तिथून. सरकारी विभाग आणि नियामक संस्था नव्या नियमांचे मसुदे जाहीर करून हरकती व सूचना मागवतात. त्या वाचण्याचं काम कुणातरी कनिष्ठ अधिकाऱ्याकडे असतं आणि त्याच्यासमोर गठ्ठाभर एकसारखी पत्रं आलेली असतात. त्यात ‘कलम अमुकमधली तमुक मर्यादा मोजायला बाजारात मिळणाऱ्या यंत्राची अचूकता पुरत नाही, सोबत तक्ता जोडला आहे’ असं एक पत्र निघालं की तो ते बाजूला काढतो. ते तुम्ही लिहू शकता.

आंतरराष्ट्रीय पातळीवर आयपीसीसीचं, म्हणजे हवामानबदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाचं, उदाहरण घ्या. त्याच्या अहवालांचा मसुदा तपासायला तज्ज्ञ-परीक्षक म्हणून कुणालाही नाव नोंदवता येतं, आपलं ज्ञान त्या विषयातलं आहे एवढं स्वतःच सांगावं लागतं. सहाव्या मूल्यांकनाच्या पहिल्या कार्यगटाचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्याचे लेखक २३४, त्यांनी आधार घेतलेले संदर्भ १४,००० हून अधिक, आणि मसुद्यांवर आलेले शेरे ७८,००७. प्रत्येक शेऱ्याला लेखकांनी लेखी उत्तर द्यायचं असतं आणि ती उत्तरं नंतर जाहीर होतात. तुमचा शेरा अगदी नाकारला गेला, तरी तो का नाकारला हे कागदावर येतं. पीएचडी करणाऱ्यांचे गट एकत्र बसून मसुदे वाचतात आणि एकत्र शेरे पाठवतात, असंही घडलंय. शिवाय प्रत्येक प्रकरणाच्या लेखकांना संदर्भ, तक्ते, जुळवाजुळव यांत मदत करणारे ‘चॅप्टर सायंटिस्ट’ असतात आणि तिथे बहुधा तरुण मंडळीच दिसतात. जैवविविधतेसाठी २०१२ मध्ये स्थापन झालेल्या आयपीबीईएसमध्ये तर नव्या संशोधकांसाठी रीतसर फेलोशिप आहे. ज्येष्ठ लेखकाच्या हाताखाली थेट अहवालाच्या प्रकरणावर काम करता येतं.

अधिकाऱ्यासाठी टिपण कसं लिहायचं?

माझं पहिलं टिपण चौदा पानांचं होतं. ज्या बाईंना दिलं त्यांनी ते उलटं धरून शेवटचं पान पाहिलं, मग पहिलं, आणि विचारलं, “यात मी नेमकं काय मंजूर करायचंय?” उत्तर माझ्याकडे होतं, पण ते नवव्या पानावर होतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा तुमचं काम वर्गखोल्यांतल्या हवेवर आहे. शोधनिबंधाच्या सवयीने तुम्ही असं लिहाल:

‘प्रस्तुत अभ्यासात निवडक शालेय वर्गखोल्यांमधील कार्बन डायऑक्साइडच्या संहतीतील कालानुरूप विचरणाचे मापन करण्यात आले असून वायुवीजन व संहती यांमध्ये लक्षणीय व्यस्त सहसंबंध आढळून आला.’

यात खोटं काही नाही. पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आता हे पाहा:

‘दोन तासिकांच्या मध्ये दहा मिनिटं खिडक्या उघडल्या, त्या वर्गांतली हवा पुढची तासिका संपेपर्यंत बरी राहिली. वेळापत्रकात ही दहा मिनिटं ठेवली तर नवीन यंत्रं न घेता फरक पडेल असं दिसतं. आम्ही हे तीन शाळांत, फक्त थंडीत मोजलं आहे. रहदारीच्या रस्त्यालगतच्या शाळांत खिडक्या उघडल्याने धूर आत येईल का, हे आम्ही पाहिलेलं नाही.’

शेवटची दोन वाक्यं काढून टाकायचा मोह होतो. काढू नका. अधिकाऱ्याच्या वरच्या माणसाने ‘आणि रस्त्याकडेच्या शाळांचं काय?’ असं विचारलं की तिथे तुमच्या टिपणाची लाज राहते ती याच वाक्यांमुळे. पहिल्याच बैठकीत अधिकारी तोंडघशी पडला, तर तो पुन्हा तुमचा फोन उचलणार नाही.

लांबीचं म्हणाल तर ब्रिटिश संसदेचं विज्ञान-तंत्रज्ञान कार्यालय, ज्याला ‘पोस्ट’ म्हणतात, खासदारांसाठी विषयवार टिपणं काढतं. त्यांचा वर्षानुवर्षांचा नमुना चार पानांचा. जनुक संपादन असो की अणुकचरा, चार पानं. तुमचा विषय त्याहून गुंतागुंतीचा आहे असं वाटत असेल तर पुन्हा एकदा विचार करा. आणि चार पानांच्याही वर अर्ध्या पानाचा गोषवारा हवा, कारण खूपदा तेवढाच वाचला जातो.

अनिश्चितता सांगितली की ‘म्हणजे तुम्हालाच माहीत नाही’ असं म्हणतात. मग ठाम बोलावं का?

ठाम बोलावं, पण जे ठाम माहीत आहे त्याबद्दल. ‘काही प्रमाणात शक्यता नाकारता येत नाही’ छापाची वाक्यं ऐकून अधिकाऱ्याला तुम्ही अंग काढून घेताय असं वाटतं, आणि त्याचं बरोबर असतं. आयपीसीसीने यावर एक सोपा तोडगा काढला. शब्दांना आकडे बांधून दिले. त्यांच्या अहवालात ‘संभाव्य’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘अतिसंभाव्य’ म्हणजे किमान ९० टक्के, ‘जवळपास निश्चित’ म्हणजे किमान ९९ टक्के. तुमच्या टिपणातही शब्द कुठल्या अर्थाने वापरलेत हे एका ओळीत सांगता येतं.

दुसऱ्या टोकाला काय होतं ते इटलीतल्या लाक्विला शहराने पाहिलं. २००९ च्या सुरुवातीला तिथे लहानलहान धक्के बसत होते. लोक घाबरलेले, एक जण भूकंपाचं भाकीत करत फिरत होता. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. मोठा भूकंप होईल की नाही हे सांगता येत नाही, ही शास्त्राची खरी स्थिती. पण एका अधिकाऱ्याने टीव्हीवर दिलासा दिला की लहान धक्क्यांतून ऊर्जा मोकळी होतेय, काळजीचं कारण नाही. त्याला शास्त्रीय आधार नव्हता. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसं गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली.

भाकीत करता आलं नाही म्हणून शास्त्रज्ञांवर खटला, अशी बातमी जगभर झाली. आरोप मुख्यतः वेगळा होता, धोक्याचं मूल्यमापन वरवरचं केलं आणि लोकांना खोटा दिलासा मिळाला. मला यातून एवढंच दिसतं की बैठकीत काय ठरलं आणि बाहेर काय सांगितलं गेलं, यांतलं अंतर जीवघेणं ठरू शकतं. बैठकीला बोलावलं गेलात तर इतिवृत्तात तुमच्या तोंडी काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सोडू नका. सर्वांत कनिष्ठ असलात तरी, किंबहुना म्हणूनच.

शास्त्रज्ञाने बाजू घ्यावी का?

यावर कितीही रात्री जागवता येतील. आयपीसीसीचं धोरण असं, की अहवाल निर्णयाला उपयोगी असावा, पण कुठला निर्णय घ्या हे त्याने सांगू नये. संस्थेसाठी हे ठीक. व्यक्ती म्हणून मला ते पुरत नाही. मी बाजू घेतो, पण वाक्य वेगळं ठेवतो. ‘मोजमाप असं सांगतं’ आणि ‘मला असं व्हावंसं वाटतं’ ही एका दमात बोलायची वाक्यं नव्हेत. पहिल्या वाक्यात तुमचं शास्त्र बोलतं. दुसऱ्यात तुम्ही नागरिक म्हणून बोलता आणि तिथे तुमचं मत इतर कुणाच्याही मताइतकंच.

माझ्या निष्कर्षामुळे एखाद्या बड्या उद्योगाचं नुकसान होणार असेल तर?

तर हिशोब चोख ठेवा. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाने, त्यात पीएचडीचे विद्यार्थी होते, तीन डिझेल गाड्यांच्या धुराची मोजणी करायचं काम घेतलं. प्रयोगशाळेत रोलरवर नव्हे, खऱ्या रस्त्यावर. डिकीत मोजणीची यंत्रं आणि ती चालवायला जनरेटर. एक गाडी तर लॉस एंजेलिसहून सिएटलला नेऊन परत आणली. अपेक्षा होती की गाड्या स्वच्छ निघतील. फोक्सवॅगनच्या दोन गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट निघाले, जेट्टाचे तर १५ ते ३५ पट. त्याच गाड्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत मात्र सुतासारख्या सरळ वागत.

विद्यार्थ्यांना पहिली शंका स्वतःच्याच यंत्राची आली. त्यांनी ती पुन्हा तपासली, अंशांकन (कॅलिब्रेशन) पुन्हा केलं. २०१४ मध्ये अहवाल आला, त्यावरून नियामकांनी स्वतंत्र चाचण्या घेतल्या, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीला उल्लंघनाची नोटीस दिली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर गाड्यांत होतं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते असल्याचं कंपनीने कबूल केलं.

गाडी कोणत्या कंपनीची यावर त्या अहवालात आरडाओरडा नव्हता. होते ते तक्ते. मला वाटतं, म्हणूनच तो टिकला.

निधी कुठून आला हे पहिल्या पानावर लिहा. कुणी विचारायच्या आत.

गाइडला हे सगळं आवडत नाही. काय करू?

आधी त्यांचं ऐकून घ्या, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य असतं. प्रबंध पूर्ण झाला नाही तर धोरणवाल्या मंडळींपैकी कुणीही तुम्हाला नोकरी देणार नाही. छापून न आलेला सामायिक डेटा परस्पर कुणाला देणं हा विश्वासघात आहे, मग उद्देश कितीही उदात्त असो. या दोन गोष्टी पाळल्यात तरीही विरोध असेल, तर महिन्यातला एक ठरावीक दिवस मागून घ्या. ‘अधूनमधून’ मागाल तर गाइडला तो रोजचा वाटतो.

काही जण हे काम लपून करतात. माझ्या पाहण्यात ते शेवटी कळतंच, आणि चुकीच्या वेळी कळतं.

श्रेय मिळतं का?

क्वचित. टिपणावर तुमचं नाव नसतं, अहवालात ‘इतरांचे आभार’मध्ये येतं, आणि निवड समितीपुढे हे काम कुठल्या रकान्यात टाकायचं असा प्रश्न पडतो. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने, ज्याला ‘डोरा’ म्हणतात, माणसाचं मोल त्याच्या जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो त्या आकड्यावरून) ठरवू नका आणि धोरणावर झालेला परिणामही मोजा, असं म्हटलं. त्यावर सही करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. सही आणि सवय यांत अंतर असतं. तुम्ही पाठवलेल्या हरकतीची पोच, अंतिम नियमातलं बदललेलं कलम, हे सगळं एका फोल्डरमध्ये तारीखवार ठेवा. दोन कागद शेजारी ठेवले की समितीला फार समजवावं लागत नाही.

एखादी रीतसर संधी, फेलोशिप वगैरे?

आहेत. सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेच्या ‘ट्रिपल-ए-एस’ या विज्ञान-संघटनेची, १९७३ पासूनची. पीएचडी झालेल्यांना वर्षभर संसद सदस्यांच्या किंवा सरकारी विभागांच्या कार्यालयात काम करता येतं. ब्रिटनच्या ‘पोस्ट’मध्ये पीएचडी चालू असतानाच तीन महिने जाता येतं आणि वर सांगितलेलं चार पानी टिपण स्वतः लिहायला मिळतं. अशा जागी नागरिकत्वाच्या किंवा निधीदात्याच्या अटी असतात, त्या आधी वाचा. फेलोशिप मिळाली नाही म्हणून काही अडत नाही. हरकती पाठवायला फेलोशिप लागत नाही.

माझ्या एकट्या अभ्यासावरून धोरण बदलावं का?

बहुधा नाही, आणि हे तुम्हीच सांगितलंत तर तुमची पत वाढेल. बाळांना पोटावर झोपवा, असा सल्ला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत दशकानुदशकं दिला जात होता. पोटावर झोपवणं धोक्याचं आहे हे सांगणारे अभ्यास सुटेसुटे होते. २००५ मध्ये ते सगळे एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की १९७० पर्यंतच पुरावा पुरेसा जमला होता. तेव्हाच कुणी ते पद्धतशीरपणे एकत्र मांडलं असतं, तर ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलेशियात मिळून किमान ५०,००० बाळांचे मृत्यू टळले असते, असा त्या अभ्यासाचा अंदाज.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा उठून फेरी मारून आलो. कुणी दुष्टावा केला नव्हता. कुणी बेरीज केली नव्हती, एवढंच. सुट्या अभ्यासांची ही बेरीज करण्यासाठीच १९९३ मध्ये कॉक्रेन ही संस्था उभी राहिली. तुमच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे पूर्वीच्या कामाचा आढावा, कुणी वाचत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते. पद्धतशीर केलंत तर धोरणासाठी ते तुमच्या स्वतःच्या प्रयोगापेक्षा मोलाचं ठरू शकतं.

माझी चूक निघाली तर?

ज्यांना टिपण दिलंय त्यांना त्याच दिवशी कळवा. पेपर दुरुस्त व्हायला काही महिने लागतील, फाइल तोवर थांबत नाही. ईमेलमध्ये तीन ओळी पुरतात: काय चुकलं, त्याने निष्कर्ष बदलतो की नाही, बदललेला आकडा काय. स्पष्टीकरण मागितलं तर द्या. मी एकदा असा ईमेल पाठवायला चार दिवस लावले, आणि त्या चार दिवसांत जुना आकडा एका भाषणात जाऊन बसला. तो अजून कुठे कुठे भेटतो.

पत्रकारांशी बोलावं का?

बोलावं. पण आधी अधिकाऱ्याला सांगून. स्वतःच्या विभागाबद्दल सकाळी पेपरात वाचायला कुणालाच आवडत नाही.

सगळं केलं, वर्ष झालं, काहीच हललं नाही. आता?

फाइल बंद झाली असं समजू नका. धोरणाचा अभ्यास करणारे ‘खिडकी उघडते’ असं म्हणतात. एखादी दुर्घटना होते, कोर्टाचा निकाल येतो, मंत्री बदलतो, आणि वर्षभर धूळ खाणारा विषय तीन दिवसांत निकाली काढायचा हुकूम येतो. तेव्हा कुणी नवा अभ्यास मागवत नाही, तेवढा वेळच नसतो. कपाटात जे आहे ते काढलं जातं. ओझोनच्या बाबतीत १९७८ ते १९८५ असाच काळ गेला.

म्हणून टिपणावर तारीख घाला, कुठल्या मसुद्याच्या संदर्भात लिहिलंय ते घाला, आणि संपर्कासाठी संस्थेचा ईमेल देऊ नका. हे शेवटचं क्षुल्लक वाटेल. नव्या संशोधकाची संस्था दर दोन वर्षांनी बदलते आणि जुना पत्ता बंद होतो. माझं एक टिपण चार वर्षांनी कुणीतरी उघडलं होतं. त्यांना एका तक्त्याबद्दल विचारायचं होतं, दोन वेळा ईमेल पाठवला, दोन्ही वेळा परत आला, आणि त्यांनी तो तक्ता गाळून बाकीचं घेतलं. मला हे दुसऱ्याच एका बैठकीत, चहाच्या वेळी, सहज बोलता बोलता कळलं. तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या तळाशी माझा खासगी ईमेल आणि सोळा आकड्यांचा ऑर्किड क्रमांक, म्हणजे संस्था बदलली तरी न बदलणारा संशोधकाचा ओळख-क्रमांक, असतो.